मावशींचे चार हजार पाचशे आठ ज्यूल

इस्पितळाच्या जिन्याशेजारी एक काळा फलक होता. तिथे पंचवीस वर्षे काम केलेल्यांची नावे त्यावर पांढऱ्या रंगात लिहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी सत्तावीस वर्षे भरली आणि त्याच मजल्यावर, आठ नंबरच्या खाटेवर, त्या वारल्या. नाव काही फलकावर चढले नाही. त्यांचा नवरा वजनकाटे दुरुस्त करी, म्हणून त्याला सगळे काटेवाले काका म्हणत. महिन्याभराने काका अर्ज घेऊन चौथ्या मजल्यावर मापन अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले.

"काका, नियम बदललाय," साहेब म्हणाले. "काम आता वर्षांत मोजत नाहीत, ज्यूलमध्ये मोजतात. एक न्यूटन बल लावलं आणि वस्तू त्या दिशेला एक मीटर सरकली, की एक ज्यूल. फलकाला चार हजार पुरेत. कमीच ठेवलेत, तरी लोकांचे भरत नाहीत."

"एक किलो पेलायचं तर दहाएक न्यूटन लागतात, साहेब. काट्यांत जन्म गेला माझा. तिने तर माणसं उचललीत."

"उचलून काय केलं?"

"अंग पुसून परत खाटेवर ठेवली."

"जेवढं वर तेवढं खाली. शून्य."

"पाण्याच्या बादल्या या टोकापासून त्या टोकाला नेल्या."

"बल वरच्या दिशेला, चाल आडवी. काटकोनात कार्य होत नाही. शून्य."

"सलाइन लावलेला हात तासन् तास धरून बसायची."

"हात हलला?"

"हलू नये म्हणून तर धरायची!"

"मग विस्थापनच नाही." साहेबांनी तिसरे शून्य काढले.

काकांनी हुकमाचे पान टाकले. "ढकलगाडी! रोज पन्नास खेपा."

"संध्याकाळी गाडी जागेवर यायची?"

"यायची म्हणजे? चाकं पुसून लावायची ती."

"तिथेच घात झाला," साहेब हळहळले. "निघाली तिथेच परत आली. अहो, खालच्या मजल्यावरच्या एकाने गाडी नेली ती आजतागायत सापडली नाही. नव्या नियमातलं पहिलं नाव त्याचं आहे. आणि मावशी रोज दोनदा जेवायच्या, तीनदा चहा घ्यायच्या. ऊर्जा घेतली, कार्य शून्य! हा अपव्यय मी कागदावर आणत नाही, केवळ तुमच्याकडे बघून."

साहेबांचा स्वतःचा हिशेब चोख होता. बढती मिळाली तेव्हा ते टेबलासकट पहिल्या मजल्यावरून चौथ्यावर आले होते आणि टेबल पुन्हा खाली गेले नव्हते.

काका जिना उतरू लागले. नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. नेलेली वस्तू परत आणून हातचे ज्यूल कोण घालवणार? क्ष-किरण खोलीबाहेर अकरा रोगी स्ट्रेचरवर पडून होते. फोटो कधीच निघाले होते. एक आजोबा ओरडत होते, "अरे, मला खाटेवर न्या रे कुणीतरी!" चादरी धुवायला गेल्या त्या गेल्याच. मोठ्या सिस्टर डोक्याला हात लावून म्हणाल्या, "काका, मावशी होत्या तोवर सगळं जागच्या जागी असायचं. म्हणून कुणाला दिसलंच नाही."

काकांनाही कुठे दिसले होते? दमून आलेल्या बायकोला तेच रोज विचारत, "एवढं केलंस तरी काय दिवसभर?" ती म्हणे, "काही नाही." आणि चहाचे आधण ठेवी.

आठ नंबरच्या खाटेपाशी काका थांबले. मग तडक वर गेले.

"साहेब, ती वारली त्या दिवशी लिफ्ट बंद होती. दोघांनी तिला जिन्याने तळघरात नेलं. दहा मीटर."

साहेबांनी पेन उचलले. "वजन?"

"शेहेचाळीस किलो. माझ्याच काट्यावर केलेलं."

"शेहेचाळीस गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले दहा... चार हजार पाचशे आठ. बल खाली, विस्थापनही खाली. आणि पुन्हा वर?"

"आली नाही."

"वा! पण काका, हे कार्य गुरुत्वाकर्षणाचं. मावशींचं कसं धरू?"

"वजन कुणाचं होतं, साहेब?"

साहेबांनी हिशेबातल्या शेहेचाळीसवर बोट ठेवले. "त्यांचंच," असे म्हणून त्यांनी शिक्का मारला.

आठवड्याभरात फलकावर नाव आले. पुढे लिहिले होते : एकूण सेवा एक दिवस, एकूण कार्य ४५०८ ज्यूल.

"झालं ना मनासारखं?" साहेबांनी विचारले.

"झालं," काका म्हणाले. घरी जाऊन त्यांनी एक कप चहा केला, कप विसळला आणि फळीवर होता तिथे ठेवला. मग कुणीच विचारले नव्हते तरी म्हणाले, "काही नाही."

आता तुमच्या बाजूला असलेला चहाचा कप बघा. तो तुम्हाला कुणीतरी आणून दिलाय, आणि थोड्या वेळाने तीच व्यक्ती तो उचलून, धुऊन, जागेवर ठेवील. नियमाप्रमाणे तिचे कार्य शून्य. संध्याकाळी तिला विचारायचे ते विचारालच. त्याला कुठे शिक्का लागतो?