उभी जाड, आडवी बारीक

माझे वडील पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड केलं की दोऱ्याएवढे बारीक होतात आणि उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे केलं की दुप्पट जाड, आणि याला जबाबदार दुसरं तिसरं कोणी नाही, ते स्वतःच आहेत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून कट निबची शाईपेनं खोकाभर आणली. प्लास्टिकची, हलकी, दोन चहांच्या पैशांत एक. या निबचं टोक गोल नसतं, छिन्नीसारखं सपाट कापलेलं असतं. त्यामुळे रेघ वरून खाली ओढली की जाड उमटते आणि आडवी ओढली की बारीक. शहाणे लोक अशी पेनं प्रशस्तिपत्रकांवर नावं लिहायला ठेवतात. बाबांनी ती रोजच्या वापराला काढली. वाण्याची यादी, गॅसवाल्याचा नंबर, फ्रीजवर चिकटवलेल्या सूचना, सगळं त्याच निबने. रोज लिहिलं की निब माणसात उतरते, हे बेलखेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. नकाशात वर उत्तर असते आणि कागदातही वरच असते. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, त्यांना हे कुणी सांगायला नको होतं.

गावात असे आणखी चारदोन लोक होते. नगरपालिकेने पूर्व-पश्चिम गल्ल्यांच्या तोंडाशी ‘सुवाच्य नागरिक ये-जा करतात, हॉर्न वाजवा’ अशा पाट्या लावल्या आणि विषय मिटवला. बाबांचे जुने सहकारी निमकर सर त्यातलेच. त्यांनी महिनाभर हाल काढले, मग पेन फेकून दिलं. पंधरवड्यात ते सगळ्या दिशांनी सारखे झाले. उपाय एवढा सोपा आहे. बाबा तेव्हापासून निमकर सरांना फितूर म्हणतात.

घरात आम्ही सवय करून घेतली. बाबांना मला बोलायचं असलं की ते आधी उत्तरेकडे वळतात, कारण बारीक आवाजात दरडावता येत नाही. मी बसतो स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे त्यांच्या पूर्वेला. त्यामुळे गेली दोन वर्षं ते मला झापताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतात.

‘‘अक्षर बघ स्वतःचं,’’ ते कॅलेंडरला म्हणतात. ‘‘डिप्लोमा अर्धवट सोडणाऱ्याचंच अक्षर आहे हे.’’

‘‘मी फ्लेक्स छापतो बाबा. अक्षर कॉम्प्युटर काढतो.’’

‘‘तेच म्हणतोय मी.’’

जेवणाचं मात्र अवघड होतं. आमच्यात पूर्वेकडे तोंड करून जेवतात. आजोबा तसे जेवायचे, पणजोबा तसे जेवायचे, आणि त्या दोघांनी आयुष्यात दुसरं काय केलं ते मला कुणी सांगितलेलं नाही. बाबा पाटावर बसले की पानासमोर एक उभा दोरा दिसायचा. त्या तोंडातून पोळीचा तुकडा जाणार कसा? आई सुरुवातीला भात एकेक शीत करून वाढायची. मग तिने शेवया करायला घेतल्या. शेवई जाते. बाबा शेवयांवर जगायला लागले.

‘‘उत्तरेकडे तोंड करून बसा ना,’’ ती म्हणायची. ‘‘उत्तर काही वाईट नाही. शास्त्रात चालते.’’

‘‘शास्त्रात चालत असेल, खांबेट्यांच्यात चालत नाही.’’

हे सगळं चालून गेलं असतं. माणसाला स्वतःच्या हट्टापायी शेवया खायच्या असतील तर खाऊ दे. पण मग कालिंदीताईचं लग्न ठरलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बँकेत आहे, घर तिच्या पगारावर चालतं, आणि या घरात बाबांवर खरं प्रेम करणारं माणूस तीच. तिने लग्नाबद्दल काही मागितलं नाही. साडी आईच्या पसंतीची, जेवण मुलाकडच्यांच्या पसंतीचं, कार्यालय बाबांच्या पसंतीचं. बाबांनी मुद्दाम असं कार्यालय धरलं की ज्याच्या स्टेजवर बसलं की तोंड पूर्वेकडे होतं. ताईने एकच गोष्ट मागितली. बाबा उत्तरेकडे तोंड करून पेपर वाचत होते, चांगले जाड होते, तेव्हा ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

‘‘बाबा, कन्यादान तुम्हीच करायचं.’’

‘‘मग कोण करणार? निमकर?’’

‘‘तसं नाही. तुम्ही करताना दिसायला पाहिजे. लोकांना, मला, सगळ्यांना. लग्नाआधी पंधरा दिवस पेन बंद ठेवा. एवढंच.’’

बाबांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता भूगोल सुरू होणार. पण ते म्हणाले, ‘‘बरं. पत्रिकांवरची नावं संपली की बंद.’’

ताईला रडू आलं. मला नाही आलं. मी या माणसाला ओळखतो.

पत्रिका मी छापून आणल्या होत्या. पाकिटांवरची नावंही छापून देतो म्हणालो, दुकानात तासाभराचं काम होतं. बाबा उत्तरेकडे वळले.

‘‘छापलेलं नाव बघून माणूस लग्नाला येत नाही. हाताने लिहिलेलं बघून येतो.’’

‘‘मग बॉलपेनने लिहा.’’

‘‘बॉलपेनने? लग्न आहे, दहाव्याचा निरोप नाही.’’

तर त्यांनी सगळी पाकिटं कट निबने लिहिली. सुंदर लिहिली, खोटं कशाला बोलू. जाड उभ्या रेघा, वर केसासारखी शिरोरेघ. लोकांनी ती पाकिटं फ्रेम करण्याच्या लायकीची आहेत असं सांगितलं. बाबा ते ऐकायला दिवसभर दाराशी उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे.

नावं संपली तेव्हा पंधरा दिवस हातात होते. ताईने पेन मागितलं, बाबांनी दिलं. दुसऱ्या दिवशी रुखवत आलं. आमच्यात मुलीच्या रुखवताला प्रत्येक वस्तूपुढे पाटी लावतात. लोकरीचं तोरण, साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, प्रत्येकापुढे दोन ओळींचं यमक. आता ही यमकं कोण लिहिणार? बाबांनी खोक्यातून नवं पेन काढलं. ताईने तेही घेतलं. त्यांनी तिसरं काढलं. आईने खोकं धान्याच्या कोठीत लपवलं, तर त्यांनी उशीखालून एक काढलं.

‘‘बाबा, तुम्ही कबूल केलं होतं,’’ ताई म्हणाली.

‘‘पत्रिकांचं कबूल केलं होतं. पत्रिका संपल्या. हे रुखवत आहे.’’

‘‘पण तुम्ही दिसणार नाही!’’

‘‘अगं, बाप दिसावा लागत नाही. बाप असावा लागतो.’’

घरातल्या मोठ्यांनी हे वाक्य ऐकून माना डोलावल्या. आत्याने तर डोळे पुसले. मोठ्या माणसांचं असंच असतं. वाक्य चांगलं जमलं की त्यांना वाटतं, काम झालं.

मी एकदा शेवटचा प्रयत्न केला. ईशान्येकडे तोंड केलं की बाबा ना जाड असतात ना बारीक, पूर्वीसारखेच दिसतात. देवघराकडे जाताना वळणावर दोन पावलं ते तसे होतात, ते मला माहीत होतं. मी गुरुजींना जाऊन भेटलो. गुरुजी म्हणाले, ईशान्य उत्तम, देवांचीच दिशा, पाट थोडा तिरका मांडू, कुणाला कळणारही नाही. मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

‘‘तिरका पाट?’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या मुलीचं कन्यादान आहे. वास्तुशांत नाही.’’

‘‘गुरुजीच म्हणतात चालेल.’’

‘‘गुरुजी तरुण आहेत.’’

गुरुजी साठीचे आहेत.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून बाबा कार्यालयाच्या उत्तरेकडच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना ‘या, या’ करत होते. भरदार दिसत होते. शेवयांमुळे आतून पोकळ होते, पण फेटा शोभत होता. मुहूर्त झाला. मंगलाष्टकं झाली. गुरुजींनी यजमानांना बोलावलं. बाबा स्टेजवर चढले, आईच्या शेजारच्या पाटावर बसले, पूर्वेकडे तोंड केलं, आणि पाटावर एक दोरा राहिला. फेट्यासकट.

‘‘यजमान आले का?’’ गुरुजींनी विचारलं.

‘‘इथेच आहे,’’ दोरा म्हणाला.

‘‘खांबेटे, अजून सांगतो, जरा डावीकडे वळा. शास्त्राला धरून सांगतो.’’

‘‘तुम्ही मंत्र म्हणा.’’

गुरुजींनी मंत्र म्हटले. आईने झारीतून पाणी सोडलं. ते बाबांच्या तळहातावर पडायचं होतं, पण तळहात कुठे आहे तेच कळत नव्हतं, म्हणून पाणी सरळ पाटावर आणि पाटावरून मुलाच्या सोवळ्यावर गेलं. बाबांनी ताईचा हात उचलून मुलाच्या हातात दिला. म्हणजे दिला असणार. ताई सांगते, मनगटावर केस चिकटल्यासारखं वाटलं, म्हणून तिने तो झटकला. झटकल्यावर तिच्या लक्षात आलं काय झटकलं ते. ती तशीच मुलाच्या हातात हात ठेवून बसली आणि समोर बघत राहिली. मंत्र संपेपर्यंत तिने मान वळवली नाही.

पहिल्या रांगेत मुलाची मावशी बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, ‘‘मुलीची आई एकटीच बसलीय बिचारी. वडील कधी गेले?’’

पुढे सुवासिनींना हळदकुंकू लावत ही मावशी आईपर्यंत आली आणि आईला गाळून पुढे गेली. आईच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. पण मावशीने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. आई उठली आणि जेवणघरात जाऊन बाबांसाठी शेवया आल्यात का ते बघून आली.

मला त्या वेळी दोऱ्याला धरून उत्तरेकडे फिरवावंसं वाटलं. मी स्टेजवर चढलोही. पण जवळ गेल्यावर कळलं की धरलं तर तुटेल.

‘‘काय रे, नीट झालं ना सगळं?’’ दोरा म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने थरथरत होता.

‘‘हो बाबा,’’ मी म्हणालो. ‘‘नीट झालं.’’

ताई सासरी गेली. तिथून ती आईला रोज फोन करते. बाबा फोनवर येतात तेव्हा ते उत्तरेकडे तोंड करून बोलतात आणि ती ‘हो बाबा, बरं बाबा’ म्हणते. ती चिडलेली नाही. नुसती आटोपतं घेते. पूर्वी तिला बाबांशी बोलायला अर्धा तास लागायचा.

बाबा अजून त्याच पेनने लिहितात. निमकर सर परवा घरी आले होते, आहेर द्यायचा राहिला म्हणून. सगळीकडून सारखे, चांगली तब्येत. बाबांनी त्यांना पाकिटाचा नमुना दाखवला आणि म्हणाले, ‘‘अक्षर असं टिकवावं लागतं, निमकर. सोडून देणं सोपं असतं.’’ निमकर सरांनी पाकीट पाहिलं, अक्षर छान आहे म्हणाले, चहा घेतला आणि गेले.

महिन्याने फोटोवाला अल्बम घेऊन आला. बाबा उत्तरेकडे तोंड करून खुर्चीत बसले, चष्मा लावला, अल्बम मांडीवर घेतला आणि पानं उलटायला लागले. मुलगा, ताई, आई, गुरुजी, मुलाकडची माणसं. मग कन्यादान. आईच्या शेजारी रिकामा पाट.

‘‘मी कुठे आहे यात?’’ बाबांनी विचारलं.

‘‘कुठल्या फोटोत, काका?’’

‘‘या. पाटावर.’’

फोटोवाल्याने वाकून पाहिलं. ‘‘हां, इथे एक उभी रेघ आली होती. फोटो सगळे स्टेजवरचेच ना, सगळ्यांत होती. ओरखडा असेल म्हणून मी काढून टाकली. एकेक करून काढली, काका. फार वेळ गेला त्यात.’’

बाबांनी अल्बम शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला. आईने फोटोवाल्याला चहा दिला.

आपल्या मुलीच्या लग्नाच्या एकाही फोटोत माझे वडील नाहीत.