पोट साफ नसलेला लॅपटॉप

कुठलंही यंत्र बिघडलं की आमचे शेजारी दादाराव ढोबळे आधी विचारतात, "काल काय खाल्लं होतं यानं?" मिक्सर असो, शिलाई मशीन असो की माझी स्कूटर, निदान ठरलेलं. "याचं पोट साफ नाई." मग ते यंत्राच्या पाठीवर थापट्या मारतात, आणि पंचाईत अशी की बरेचदा ते सुरूही होतं.

दादाराव वणीच्या एका जिनिंगमध्ये फिटर. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या घरघराटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, की इकडे आमच्या घरात माझी बायको बरणीकडे हात नेते. मग एका वर्षी कापसाचं सगळंच बिनसलं. गाड्या येईनाशा झाल्या आणि जिनिंगला कुलूप लागलं. दादाराव घरी बसले. म्हणजे बसले कुठले? गल्लीतली धडधाकट यंत्रंही त्यांनी खोलून पाहिली.

अशात नागपूरच्या लेकीनं, सुनंदानं, आपला जुना लॅपटॉप त्यांना पाठवला. दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर! या बरं लवकर! पोरीनं यात गानं भरून देल्लं, अन् हा मुका होऊन बसला!"

मी शाळेतर्फे संगणकाच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेला, म्हणून गल्लीतला तज्ज्ञ. जाऊन पाहतो तो लॅपटॉप अंगणात, उन्हात, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी.

"हे काय, दादाराव?"

"ओल गेली असंल आतमंदी. ऊन दाखवून राह्यलो."

"ओव्याची धुरी बी देल्ली," दादारावांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या.

आत नेऊन मी आवाज वाढवून पाहिला. आवाजाच्या चिन्हावर फुली नव्हती. बंद करून पुन्हा सुरू केला. ढिम्म. "मी म्हनत होतो ना, पोट साफ नाई," म्हणत दादारावांनी हात उगारला. मी घाईनं लॅपटॉप छातीशी धरला, तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. कडेला कानाची वायर खुपसायचं भोक असतं, त्यात कडुनिंबाची छान तासलेली काडी ठोकलेली होती.

"हे कोणी केलं?"

"म्याच. मुंग्या जातीन ना आत! पोरीची चीज हाय."

"अहो, त्याला वाटतंय तुम्ही कानाला वायर लावून ऐकताय. मग तो मोठ्यानं कशाला बोलेल?"

दादारावांनी लॅपटॉपकडे आदरानं पाहिलं. "लय सालस जनावर हाय बाप्पा हे."

मी काडी उपसली आणि गाणं लावलं. खोलीभर घरघराट सुटला. पडद्यावर जिनिंगची शेड होती, उडणारी रुई होती आणि मळक्या बनियनमधले दादाराव होते. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी सुनंदानं हे मोबाईलवर टिपून ठेवलं होतं.

"हेच का गाणं?" मी विचारलं.

दादारावांचं लक्ष नव्हतं. मान कलती करून ते ऐकत होते. एकदम ओरडले, "तीन नंबरले तेल दे बे!" मग खुर्चीत रेलले, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात घोरू लागले.

आवाज कमी करायला मी हात पुढे केला. काकूंनी तो अडवला.

"राहू द्या, भाऊ. जिनिंग बंद पडल्यापासून ह्यायचा डोया लागला नाई."

आम्ही दोघं त्या गोंगाटात बसून राहिलो. चित्रण संपलं, तशी खोली एकदम शांत झाली. दादाराव दचकून जागे झाले.

"काहून बंद पडलं?"

मी ते पुन्हा सुरू केलं.