माणिकरावांची माफी

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला माणिकराव आपली पिठाची गिरणी चालवतात. दळण आलेलं नसलं तरी चालवतात. घरातलीच पसाभर ज्वारी टाकायची, पाच मिनिटं सगळी गल्ली हादरवायची आणि बटण बंद करून मिशा पुसायच्या.

त्याचं असं झालं, की राहत्या गल्लीत पिठाची गिरणी नको, असा आमच्या पालममध्ये नियम आला. आधीपासूनच्या गिरण्यांना सूट मिळाली. अट एकच : सलग सहा महिने बंद राहिली की सूट संपली. माणिकराव एका दिवसाचीही जोखीम घेत नाहीत. या सवलतीला ते 'माफी' म्हणतात आणि ती कुठेही लावतात. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, तर म्हणाले, "नवे नियम नव्या पेशंटला. आमी आधीपासून खायलोत. आमाला माफी हाय!"

लाईट गेली की शेजारी म्हणून मला हाक येते. वहीत सही हवी असते. "लिहा, लाईट बंद व्हती, गिरणी बंद न्हवती." मी नगरपंचायतीच्या कचेरीत कारकून, म्हणून माझी सही त्यांना वजनदार वाटते.

गिऱ्हाईक कधीच तुटलं. घरोघरी छोट्या चक्क्या आल्या. काकू गेल्यापासून माणिकराव एकटेच असतात. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोरगं संभाजीनगरला ये ये म्हणून जीव खायलंय. पर गिरणी बंद ठिवली तर माफी जाईल नव्हं!" मला त्यांची कीव यायची, आणि रागही.

गेल्या महिन्यात ती सहा महिन्यांची अटच रद्द झाली. कागद माझ्याच टेबलावर आला. मी तडक गिरणीत गेलो.

"माणिकराव, सुटलात! आता खुशाल जा पोराकडं."

ते हसले नाहीत. बराच वेळ हातावरचं पीठ झटकत राहिले.

"कुठं जाऊ? त्यानं कवाच बलिवलं न्हाई." मग हळूच म्हणाले, "गल्लीत सांगू नका, साहेब."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या सह्या गंमत म्हणून करत होतो.

दुसऱ्या दिवशी दहाला मी डबाभर ज्वारी घेऊन गेलो. समोरच्या ओट्यावरून शेजारीणबाई म्हणाल्या, "काका, दिवाळीला तरी जावा की पोराकडं."

माणिकराव माझ्याकडे बघू लागले.

"कसे जातील?" मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो. "एक दिवस बंद ठेवली तर माफी जाईल. कचेरीत मीच असतो ना!"

त्यांनी माझा डबा घेतला. त्या दिवशी माझं पीठ त्यांनी दोनदा दळलं.