केवळरामभाऊंच्या अंगणातला परदेशी तळ

कोंबडीवर खटला चालवणारा माणूस मी गोंडपिपरीतच पाहिला. केवळरामभाऊ आमचे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले तारबाबू. आमच्या कोंबडीनं त्यांच्या वांग्यांत चोच घातली होती. "गुन्हा तळाच्या हद्दीबाहेर झाला, मास्तर. खटला माह्या कोर्टात चालंन," ते म्हणाले. आरोपीला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

तळ म्हणजे त्यांचं अर्धं अंगण. आमच्या अंगणावर चिंचेची दाट सावली, त्यांच्याकडं दिवसभर ऊन. म्हणून माझी बायको धान, मोहफुलं, मिरच्या तिकडं वाळत घाली. त्यात रेडिओवर फिलिपिन्समधल्या अमेरिकी लष्करी तळांच्या वाटाघाटींच्या बातम्या येऊ लागल्या आणि भाऊंच्या अंगात वारं शिरलं. "मित्रदेश असला म्हून का झालं? मी काई तुमची वसाहत नाई!"

सार्वभौमत्वाची खूण म्हणून अंगणातल्या दोरीवर फक्त त्यांचं धोतर फडके. आमच्या लुगड्यांना तिथं बंदी. रोज संध्याकाळी ते करारासाठी आमच्या ओसरीवर येत. चहा होई, कलमं ठरत, आणि सहीच्या वेळी नेमकी बोलणी फिसकटत. "उद्या पाहू," म्हणत ते उठत. मी वैतागत असे. बायको मात्र उद्याच्या चहाचं दूध बाजूला काढून ठेवी.

मग वैशाखातल्या वादळात चिंच पडली. आमच्या अंगणात लख्ख ऊन आलं. बायकोनं तिकडच्या चटया, सुपं उचलून आणली.

"अभिनंदन, भाऊ! तळ उठला!" मी कुंपणावरून ओरडलो.

ते पाठ फिरवून घरात गेले. त्या संध्याकाळी आले नाहीत, दुसऱ्याही नाही. त्यांचा रेडिओसुद्धा गप्प होता.

तिसऱ्या दिवशी आले ते उभेच राहिले. चटईवरची एक मिरची चिमटीत दाबून बघितली. "बाई, तुमच्या इथचं ऊन कच्चं हाय. मिरची सडून राह्यली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोरीवरचं धोतर काढलं मी. लुगडी टाका. कोंबड्या बी येऊ द्या. घरची गेली तवापासून त्या फाटकातून तुमच्याबिगर कोन येते, मास्तर?"

बायकोनं पाय भाजणाऱ्या त्या उन्हात उभं राहून चटई गुंडाळली.

"खरंच कच्चं हाय, भाऊ," ती म्हणाली. "पन आधी बसा. चहा ठेवतो. मंग कराराचं बोलू."

भाऊ ओसरीवर टेकले, उपरण्यानं डोळे पुसले.

"बोलू," ते म्हणाले. "पन सही काई मी आज करत नाई."