सुभेदार सिनेमा थांबवतात

आमचे शेजारी सुभेदार सिनेमातल्या माणसांशी भांडतात. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. रिमोटनं चित्र थांबवायचं, खुर्ची पुढं ओढायची आणि पडद्यावर तोंड उघडं टाकून थिजलेल्या माणसाला सुनवायचं, "चूक. साफ चूक. त्याला आता उपदेश नगं हाय." साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत घराला घर चिकटलेलं. मधली भिंत एकच, तीही बिल्डरनं मन मारून बांधलेली. त्यामुळं सुरुवातीला मला वाटायचं, यांच्याकडे रोज संध्याकाळी पाहुणे येतात आणि अपमान करून घेऊन जातात.

पाहुणे कुठले? सुभेदार एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. फौजेतून आलेले, म्हणून अंगणातल्या कुंड्यासुद्धा रांगेत. एखादी हलली की चौकशी माझी. मीही एकटीच. कचेरीतून यायचं, कुकर लावायचा आणि भिंतीपलीकडचं भांडण ऐकत जेवायचं.

एका रविवारी राहवेना, म्हणून वाटीभर खीर घेऊन गेले. खीर नुसती निमित्ताला, हे सांगायला नकोच. टीव्हीवर कुठल्याशा परदेशातला सिनेमा. एक पोरगा पांघरूण घेऊन पडलेला, शेजारी त्याचा बाप उभा.

"ताई, आलाईसा तर बसा. ती खालची इंग्रजी अक्षरं वाचा जरा. लय भराभर पळत्यात."

मी वाचलं, "बाप म्हणतोय, ऊठ, बाहेर फिरून ये, बरं वाटेल."

सुभेदारांनी सिनेमा थांबवला. "वाट लावली. आता ह्यो पोरगा बोलत न्हाई बघा."

हळूहळू कळलं, ते बघतात ते फक्त असलेच सिनेमे, ज्यात कुणाचं तरी मन आजारी पडलंय. रिमोट तोंडाशी धरून, वायरलेसवर बोलावं तसा हुकूम सोडतात, "उदास माणसाचं पिक्चर. नवीन." मारामारी नको, गाणी नकोत, देवाधर्माचं नको. मी एकदा म्हटलं, काहीतरी विनोदी लावा की. तर म्हणाले, "ते तुमच्या घरी बघा."

मग एक दिवस त्यांनीच सांगितलं. मुलगा प्रमोद सांगलीला. कुपवाडच्या कारखान्यात नोकरी, विश्रामबागेत घर. गेल्या वर्षी त्याचं मन आजारी पडलं. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, पण तो कुणाशी बोलत नाही. आणि बापाशी, त्याच्या आण्णांशी, बोलत नाही त्याला कारण बापच. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची रीत. पाय मोडला तरी जायचं, ताप आला तरी जायचं. सुभेदारांनी भावकीची जीप भरली, शहाळी घेतली, बिस्किटांचे पुडे घेतले आणि सगळी वरात सांगलीला नेऊन उतरवली. मंडळी प्रमोदच्या भोवती कोंडाळं करून बसली आणि एकेकानं त्याला हुरूप दिला. कुणी जोर काढायला सांगितले, कुणी देवरुषी सुचवला, आणि सुभेदार स्वतः म्हणाले, "तुला कमी काय हाय रं? आमी बर्फात उभं ऱ्हायलो." प्रमोद उठला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसला. जीप निघेपर्यंत बाहेर आला नाही. त्या दिवसापासून तो बापाचा फोन घेत नाही. सून वैशाली तेवढी खुशाली कळवते.

"फौजेत आमाला बंदूक खोलून जोडायला शिकवली," सुभेदार म्हणाले, "पोराशी बोलायचं कुणी शिकवलं न्हाई. म्हणून ह्ये बघतो. दुसरं बाप काय बोलत्यात, कुठं चुकत्यात." मग म्हणाले, "आणि खरं सांगू का ताई, बरं वाटतं. समद्या देशातली पोरं भिंतीकडंच तोंड करून झोपत्यात. म्हंजे माझाच एकटा न्हाई."

त्यानंतर माझे रविवार ठरून गेले. मी वाचायची, ते थांबवायचे. एका सिनेमातली आई काही न बोलता मुलाचे पाय चेपत बसते. तो प्रसंग त्यांनी इतक्यांदा मागं नेऊन बघितला की त्या बाईच्या स्वेटरची वीण मला पाठ झाली. कंटाळा आला बाई, असं मी तोंडानं म्हणायची, पण वाट शनिवारपासूनच बघायची. आठवडाभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

असाच एक रविवार. सिनेमा चालू असताना फोन वाजला. वैशालीचा म्हणून त्यांनी उचलला आणि गप्पच झाले. पलीकडूनही कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, लाइन गेली. मी काही म्हणणार, तर हातानं मला थांबवलं. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "हाय मी. हाय हितंच." मग फोन कानाला घट्ट लावून पलीकडचं ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही.

"या म्हणाला," ते म्हणाले. "एकटंच या म्हणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. बरोबर फक्त कपड्यांची एक पिशवी.

तेव्हापासून भिंत गप्प आहे. चार-आठ दिवसांत येतो म्हणाले होते, पण दिवाळी होऊन गेली. मला आनंद व्हायला हवा, तो झालाही. पण संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरते तेव्हा घर फार मोठं वाटतं. एका रविवारी मी आपली एकटीच टीव्ही लावून बसले. थांबवणारं कुणी नव्हतं, त्यामुळं सिनेमा सरळ गेला आणि संपला. मजा आली नाही.

परवा जेवायच्या वेळेला त्यांचा फोन आला. "ताई, जेवलासा?"

"बसतेच आहे," मी ठोकून दिलं. खरं म्हणजे ताट घ्यायचाच कंटाळा आला होता.

"मग घ्या वाढून. आमीबी बसतोय. फोन ठिवू नगा, ऱ्हाऊ द्या बाजूला."

"काही बोलायचं होतं का?"

"न्हाई. जेवा."

मी सकाळचा भात गरम केला, फोन ताटाशेजारी ठेवला आणि बसले. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, पंख्याचा येत होता. जेवायला लागले. मग मी आजवर कधी न ऐकलेला एक पुरुषी आवाज आला, हळू, जरासा बसलेला.

"आण्णा, आमटी घालू का?"