साडू, क्रशर आणि चार घण

आमच्या खाणीत कुठलं यंत्र कधी बंद पडणार, हे मला त्या यंत्राच्या आधी कळतं. एकोणीस वर्षं फोरमन आहे मी. त्यामुळे जुने मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घरी तसं सांगूनही टाकलं होतं. बायकोने नवा शर्ट आणला होता.

सोमवारी खुर्चीत माझा साडू बसलेला!

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोवर बाटल्यांच्या कारखान्यात होता. मालकीणबाईंनी वडिलांकडून कंपनी हातात घेतली आणि मॅनेजर बाहेरून आणायचा ठरवला. बाहेर एवढं मोठं जग पडलंय, त्यात त्यांना नेमका हाच सापडला. घरी मला 'साडूभाऊ' म्हणणाऱ्याला आता मी 'साहेब' म्हणायचं. त्यात बायको दिवसातून दोनदा म्हणायची, "धाकटीने नशीब काढलं हो." मला जेवणसुद्धा करपल्यासारखं लागायला लागलं.

खाणीत कोळसा भरपूर होता, पण बाहेर जात नव्हता. मोठे धोंडे फोडून बारीक करणारा आमचा क्रशर म्हाताऱ्याच्या दाढेसारखा झालेला. जरा मोठा धोंडा आला की अडकायचा. मग मागे डंपरची रांग लागायची आणि डंपर भरणारा लोडर चालवणारे मामा सीटवरच डोळा लावायचे. नवा क्रशर घ्या, असं मी आठ वर्षं लिहून देत होतो. मालकीणबाईंनी आता साडूला बजावलं होतं की यंदा एकच यंत्र मिळेल, कुठलं ते तुम्ही शोधा. आणि महिनाअखेरपर्यंत माल वाढला नाही, तर दुसरी शिफ्ट बंद. म्हणजे चाळीस माणसं घरी.

साडूने पहिल्याच दिवशी मला विचारलं, घोडं अडतंय कुठे?

"लोडरपाशी, साहेब," मी म्हणालो. "क्रशरची काही तक्रार नाही."

तो म्हणाला, ठीक आहे, खात्रीसाठी मी तीन दिवस घड्याळ घेऊन क्रशरपाशी उभा राहतो.

माझा बेत साधा होता. तीन दिवस क्रशर अडकू द्यायचा नाही. साडू लोडर मागवणार, लोडर आल्यावर क्रशर पुन्हा अडकणार, आणि मग ती खुर्ची रिकामी होणार. त्या चाळीस माणसांचा विचार माझ्या मनात आला नाही, हे कबूल करतो. जळणाऱ्या माणसाला एकच माणूस दिसतो.

मी शिफ्टमधले चार दणकट गडी निवडले, त्यांना घण दिले आणि क्रशरपाशी उभ्या साडूला दिसणार नाहीत असे कोळशाच्या ढिगाऱ्यामागे उभं केलं. साहेबांची पाहणी आहे, डोक्याएवढा एकही धोंडा पुढे जाता कामा नये, असं सांगितलं. पहिल्या दिवशी क्रशर एकदाही थांबला नाही. साडू घड्याळाकडे बघून मान डोलवत होता. मला गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी एक गडी आला नाही. त्याचा घण मी उचलला. दुपारपर्यंत हाताला फोड आले. तेवढ्यात मामा तरातरा आले. मी लोडरला नावं ठेवल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. तीस वर्षांत माझ्या गाडीला कोणी बोल लावला नाही, एवढंच बोलले आणि परत जाऊन लोडर असा पिटाळला की डंपरवाल्यांना चहा प्यायला उसंत मिळेना. मी त्यांना हळू घ्या म्हणून खुणा केल्या. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय. त्यांनी आणखी वेग वाढवला.

तिसऱ्या दिवशी जेवढा कोळसा गेला, तेवढा कंपनी सुरू झाल्यापासून कधी गेला नव्हता.

संध्याकाळी साडू ढिगारा ओलांडून मागे आला. समोर मी, पायापासून डोक्यापर्यंत काळा, हातात घण. त्याने आधी घणाकडे, मग माझ्या हातांच्या फोडांकडे पाहिलं आणि निघून गेला.

सकाळी ऑफिसात बोलावणं आलं. मालकीणबाई बसल्या होत्या. आता नोकरीही जाणार, असं धरूनच मी आत गेलो.

"मी नुसता उभा होतो, बाई," साडू सांगत होता. "हे सगळं साडूभाऊंचं काम. यंत्राच्या नावाने रडत बसले नाहीत, स्वतः घण घेतला."

मालकीणबाईंनी माझ्या फोडांकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. दुसरी शिफ्ट चालू राहील, म्हणाल्या. मग विचारलं, "म्हणजे नवा क्रशर नको, हो ना?"

आठ वर्षं लिहिलेले अर्ज माझ्या डोळ्यांसमोरून गेले. हवा म्हणावं, तर साडूला 'क्रशरची तक्रार नाही' असं का सांगितलं, ते सांगावं लागणार.

"नको," मी म्हणालो.

बाहेर दुसऱ्या शिफ्टमधली माणसं थांबली होती. एकाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. साडूने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी गेलो तर बायको फोनवर. धाकटी भरभरून कौतुक करत होती म्हणे. बायकोने फोनवर हात ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं.

"अहो, ती विचारतेय, भावोजींना हे सुचलं कसं?"

"अनुभव," मी म्हणालो, आणि लगबगीने अंघोळीला गेलो.