वेलीला लावलेले आकडे

खिडकीखालच्या उघड्या पट्ट्यात काहीतरी लावायचं, एवढंच मी ठरवलं होतं. अंगणातल्या झाडाच्या दाट सावलीमुळे तिथे गवतही उगवत नव्हतं आणि पाणी पडलं की चिखल उडून भिंतीवर बसायचा. भिंत घरमालकीणबाईंची. त्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून आम्ही त्यांना वरच्या काकू म्हणतो. (समोर नुसतं ‘काकू’. ‘वरच्या’ म्हणायची माझी छाती नाही.)

रोपवाल्याने आयव्हीची वेल दिली. इवलीशी पानं आणि प्रत्येकाला पांढरी किनार.

“ठेंगणी जात आहे, ताई. जमिनीवर पसरते, भिंतीवर चढत नाही.”

काकूंनी ऐकून घेतलं. “लाव. पण भिंत नुकतीच रंगवलीय. एक पान जरी चढलं तरी दुसरं घर बघा!”

त्या हे हसत म्हणाल्या की कसं, मला आठवत नाही. ‘दुसरं घर’ ऐकल्याबरोबर माझे कान बंद झाले होते. हे घर मिळेपर्यंत आमच्या चपला झिजल्या होत्या.

त्यात मी इंटरनेटवर वाचायला गेले. आयव्हीने पोखरलेल्या भिंतींचे असे काही फोटो होते, की त्या संध्याकाळपासून मी प्रत्येक फांदी जमिनीला दाबून तिच्यावर केसांचा आकडा खोचायला लागले.

“झाडाची वेणी घालतेयस?” नवऱ्याने विचारलं.

“भिंतीकडे बघत होती.”

“कोण?”

“ही फांदी.”

त्याने मला पाणी आणून दिलं.

आकडे संपत आले की पायरीवर नवं पाकीट दिसायचं. इतका समजूतदार नवरा मिळाला म्हणून मी मनोमन गहिवरायचे. आणि वेल? जिथे जिथे दाबली तिथे तिथे तिने मुळं धरली. पट्टा असा भरला की माती दिसेना.

एका रविवारी न्हायच्या आधी डोक्यावर चपचपीत तेल थापून, वर अंबाडा बांधून मी पाणी घालायला गेले. बघते तर एक फांदी चक्क भिंतीवर! ओढणार तोच जिन्यात काकूंच्या चपला वाजल्या. मी गर्रकन वळले आणि पाठ-डोकं भिंतीला टेकून फांदी झाकली.

“काय गं, अशी का उभी?”

“सहज. बरं वाटतं.”

“घाम फुटलाय तुला. चक्कर येतेय का?”

“हो.” (नाही म्हटलं असतं तर चालून दाखवावं लागलं असतं.)

“मग बस की खाली!”

“नको, चक्कर मला उभ्यानेच सोसते.”

काकूंनी खुर्ची आणली, वर्तमानपत्राने वारा घातला, नवऱ्याला हाका मारल्या. शेवटी दोघांनी दोन दंड धरून मला भिंतीपासून सोडवलं. अंबाड्यात अडकून फांदीही तुटून माझ्यामागोमाग आली.

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. “आम्ही घर सोडतो, काकू.”

“अगं वेडे, ती फांदी कालपासून वरून बघतेय मी. आणि तू रोज आकडे लावत बसतेस तेही. म्हणून तर पाकिटं ठेवत होते पायरीवर.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

माझ्या घाबरटपणाला आजवर सगळे हसले होते. त्याला सामान पुरवणाऱ्या काकू पहिल्याच. मी त्यांच्या गळ्यात पडले. (तेलासकट.)

माझ्या खांद्यावरून त्यांची नजर भिंतीवर गेली. नव्याकोऱ्या रंगावर, बरोबर माझ्या डोक्याएवढा, वाटोळा तेलकट डाग.

“हं,” काकू म्हणाल्या. “आता हा झाकायला तुझी वेलच चढव.”

तेव्हापासून मी वेलीला काठ्या लावते, सुतळीने बांधते, हात जोडते. ती जमीन सोडत नाही. “चढली का गं?” काकू रोज वरून विचारतात आणि मी रोज दचकते. रोपवाला म्हणतो, “सांगितलं होतं ना, ताई, ही जात चढत नाही.”

चढायची हिंमत असलेली एकच फांदी होती. ती माझ्या अंबाड्याने तोडली.